विहिरीत पिकलेलं चीज

खोली पाहायला गेले त्या दिवशी मालकांनी मला गाव, नोकरी, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. ओसरीवर बसवलं, कोमट पाण्याचा तांब्या पुढे केला, चूळ भरून यायला सांगितलं आणि मग बशीतून सुपारीएवढा एक पिवळट तुकडा दिला.

"तोंडात टाका. लगेच गिळू नका. मनात शंभर मोजा, मंग बोला."

मी सांगलीकडची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि बदली होऊन नागपूरला आले होते. मैत्रिणीच्या मावशीकडे पाहुणी म्हणून उतरले होते, त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि त्या माउलीचा चेहरा रोज थोडा थोडा लांबत चालला होता. धंतोलीत खोली मिळत असेल तर मी तुकडाच काय, बशीही खाल्ली असती. तेव्हा शंभर मोजले. पहिले तीस फार जड गेले. वास ओळखीचा होता, पण खाण्याच्या पदार्थात त्याची गाठ कधी पडली नव्हती.

"कसं लागून राहिलं?"

"आजोळच्या गोठ्यासारखं काहीतरी," मी म्हटलं. मग खोली आठवली. "पण वाईट नाही. मागाहून गोड लागतं."

मालकांनी मांडीवर थाप मारली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, ऐकलं काय? मागून गोड लागते म्हणते. समोरची खोली या बाईले."

आतून उत्तर आलं, "लागन न. खोली पाहिजे हाय तिले. खोलीसाठी मानूस शेणालेही गोड म्हणन."

नवराबायकोची ओळख अशी एकदमच झाली. पुढची सात वर्षं मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहिले. त्यांना आम्ही सगळे मालक म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला काकू. ही सगळी सत्तरच्या दशकातली गोष्ट, नागपुरात दाराशी बैलगाडी आली तर कुणी वळून पाहायचं नाही तेव्हाची.

मालक सरकारी दूध खात्यातून निवृत्त झालेले. उंच, किंचित पोक आलेले, पांढरी अर्धी विजार आणि वर उन्हातान्हात घालायची जुनी सोला हॅट. ही हॅट ते विहिरीवर जाताना घालत, उन्हं असोत की नसोत. तरुणपणी खात्यानं त्यांना सहा महिने डेन्मार्कला धाडलं होतं, दुधाचं शास्त्र शिकायला. तिथून ते चीज शिकून आले. खात्याला चीज नको होतं, दुधाच्या बाटल्या वेळेवर हव्या होत्या. म्हणून मालकांनी तीस वर्षं बाटल्या वेळेवर पोचवल्या आणि चीज घरी केलं. मागच्या गोठ्यात दोन गवळाऊ गाई होत्या. धार काढताना ते त्यांच्याशी डॅनिश भाषेतले चार शब्द बोलत. चारच येत होते. गाईंना ते चारही कळत असं त्यांचं म्हणणं होतं.

"बाई, दूध म्हणजे नोकरी," ते मला सांगत. "रोज सकाळी हजर व्हा, नाहीतर नासला दिवस. दही म्हणजे रजा. अन चीज म्हणजे पेन्शन. उशिरा मिळते, पण मुरलेली मिळते."

आता नागपूरच्या हवेत चीज मुरवायचं म्हणजे तव्यावर बर्फ जपायचा. मालकांनी त्यावर उपाय काढला होता. अंगणात विहीर होती. पिण्याचं पाणी नळाचं, त्यामुळे विहीर मोकळीच असे. काटोलहून संत्र्यांच्या टोपल्या येत, त्यातली एक झाकणाची टोपली घेऊन ते चीजचे गोळे पळसाच्या पानांत बांधून तिच्यात ठेवत आणि दोरानं विहिरीत सोडत. पाण्याच्या वर बरोबर दोन वीत. दोराला वीतवीतभर अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. मृग संपता संपता चीज खाली जायचं आणि पोळ्याला वर यायचं. मधले अडीच महिने पाऊस पडेल तसं पाणी चढायचं आणि टोपली एकेक गाठ वर घ्यावी लागायची. सकाळच्या पाळीला निघाले की मालकांचा आवाज येई, "बाई, पाहा बरं, पाणी कितव्या गाठीले लागलं?" मी वाकून पाहायचे आणि सांगायचे. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे नंबर जोडायचे, पण दिवसाचा पहिला नंबर विहिरीचाच.

एका श्रावणात तीन दिवस झड लागली आणि टोपली अर्धी बुडाली. मालकांनी तो दिवसभर घरातही हॅट काढली नाही. जेवायलाही हॅट घालूनच, तोंड पाडून बसले. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "कोन गेलं म्हणून सांगू लोकायले?"

हे सगळं चाले ते एका दिवसासाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, मोठी माणसं त्यांच्या हातावर खाऊ ठेवतात. मालकांना मूलबाळ नव्हतं, पण तान्ह्या पोळ्याला अख्ख्या गल्लीची मुलं त्यांच्या अंगणात. मुलांना फुटाणे, करंज्या आणि मुलांबरोबर आलेल्या आईबापांना चीज. काकू आदल्या दोन दिवसांपासून कढईपुढे बसलेल्या असत, म्हणून लोक आनंदानं येत. काकूंच्या करंजीसाठी मालकांचा तुकडा सोसावा लागतो, असा गल्लीत अलिखित कायदा होता. शेजारचे वकील आपला तुकडा फार शिताफीनं रुमालात घालत आणि कोपऱ्यावर सोडून देत. तान्ह्या पोळ्याला त्या कोपऱ्यावर कुत्र्यांचीही सभा भरायची.

कोणतं चीज पाहुण्यांपुढे मांडायचं याची निवड तीन दिवस आधी व्हायची. पाच-सहा गोळे वर येत आणि त्यातले तीन पास होत. परीक्षक दोन. एक मी. टेलिफोनवाल्या बाईला ऐकून घ्यायची आणि मध्ये न बोलायची सवय असते, म्हणून. दुसरे मागच्या बिऱ्हाडातले रेल्वेचे गार्डसाहेब. त्यांना मत शब्दांत सांगता येत नसे. विचारलं की "ठीक आहे" एवढंच म्हणत. शेवटी मालकांनी त्यांना त्यांचे झेंडे घेऊन यायला सांगितलं. पसंत पडलं तर हिरवा, नाही तर लाल. गार्डसाहेब गणवेश न घालता पण झेंडे काखेत धरून ओसरीवर यायचे आणि फार गंभीरपणे शंभर मोजायचे.

नियम कडक होते. सकाळपासून कांदा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, तंबाखू तर नाहीच नाही. या शेवटच्या नियमामुळे कवडू कायमचा बाद झाला होता. कवडू म्हणजे मालकांचा गडी. गोठा तो सांभाळायचा, टोपली तोच खालीवर करायचा, त्याची स्वतःची बैलजोडी आणि बंडी, म्हणजे बैलगाडीही, मागच्या आवारातच असायची. पण तंबाखूशिवाय त्याचा हात चालत नसे. म्हणून इतक्या वर्षांत त्यानं चीजला कधी तोंड लावलं नव्हतं. पानात बांधलेले टणक गोळे तेवढे त्याला ठाऊक होते. "मालकाचे गोटे" म्हणायचा.

चीजना नावं होती. वाळलेल्या संत्रासालीची पूड घातलेलं ते काटोल. लाल मिरचीचं भिवापूर, ते खाल्लं की शंभर मोजणं शक्यच नसे, गार्डसाहेब चाळीसलाच पाण्याकडे धावत. मालक ओसरीच्या खांबाला टांगलेल्या दगडी पाटीवर ही नावं लिहीत आणि शेजारी आमची मतं. 'काटोल. टेलिफोनबाई: चांगलं. गार्डसाहेब: हिरवा.' आणि सगळ्यात खाली ते एक रेघ ओढून पुढे काहीच लिहीत नसत.

पहिल्या वर्षी मी विचारलं, "ही ओळ रिकामी का?"

"राहू द्या. एका परीक्षकाचं मत यायचं आहे."

परीक्षक कोण ते विचारायची गरज नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडे त्यांची नजर गेली होती. काकूंनी मालकांचं चीज कधीच खाल्लं नव्हतं. शिवतही नसत. त्याचं नावही घेत नसत, 'तुमचं ते' म्हणत. "तुमचं ते माह्या दुधाच्या पातेल्याजवळ ठेवू नका," एवढंच.

याचं कारण मला मालकांनीच सांगितलं, गाठी मोजता मोजता, विहिरीच्या कठड्यावर बसून. डेन्मार्कात ते एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहत होते. थंडीनं आणि घरच्या आठवणीनं बेजार झालेले. ती म्हातारी सकाळी पावावर पांढरं, मऊ, सायीसारखं चीज लावून द्यायची. "मी खाऊन राहिलो अन मनात एकच, हे तिले खाऊ घालीन. कवा घरी जातो अन खाऊ घालतो. अन घरी आलो त उत्साहात सगळंच सांगून बसलो. तिनं विचारलं, दूध जमते कशानं? म्या खरं सांगितलं. वासराच्या पोटातून रस काढतात म्हणून."

काकू त्या वेळी गाईपाशी उभ्या होत्या म्हणे. गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माह्या घरात हे चालनार नाही." त्या दिवसापासून नाहीच.

मालकांनी हार मानली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात त्यांना पनीरडोडी सापडली. बोराच्या बीएवढी वाळकी फळं, ती भिजवून पुरचुंडी दुधात ठेवली की दूध जमतं, वासराचा संबंध नाही. त्यांनी पुरचुंडी काकूंना दाखवली, हुंगायला दिली. काकू म्हणाल्या, "आता तुमी काहीबी दाखवान. दुधाले माईत अन तुमाले माईत." शिवाय पनीरडोडीनं चीज किंचित कडू व्हायचं. कडू चीज तिच्यापुढे न्यायचं नाही, असं मालकांनीच ठरवलं होतं. तिनं एकदा खाल्लं आणि थुंकलं तर पुन्हा कधीच खाणार नाही, ही त्यांना भीती होती. म्हणून सतरा वर्षं ते कडूपणा घालवायच्या मागे होते. गल्लीला वाटे, हा माणूस तान्ह्या पोळ्यासाठी चीज करतो. तो एका बाईसाठी करत होता, आम्ही मधल्या मध्ये खात होतो.

माझ्या चौथ्या वर्षी ते जमलं.

त्या वर्षी निवडीच्या दिवशी काटोल झालं, भिवापूर झालं, आणि मग मालक आतून एक पितळी वाटी घेऊन आले. पळसाच्या पानाखाली पांढरं काहीतरी होतं. गोळा नव्हता. बोट लावलं तर खड्डा पडावा इतकं मऊ. हे त्यांनी वेगळ्या गाडग्यात, स्वतः हातानं विहिरीत सोडलं होतं, कवडूलाही कळू न देता. गार्डसाहेबांनी बोटभर घेतलं आणि साठाच्या आतच त्यांचा हिरवा झेंडा वर गेला. मी विसाच्या पुढे मोजलंच नाही. आधी खारट, मग ताकासारखं थोडं आंबट आणि मग नुसती साय. कडूपणाचा पत्ता नाही. मी "फार सुंदर" म्हटलं आणि ते खरंच होतं.

मालकांनी पाटीवर त्याला नाव दिलं नाही. नुसतं 'पांढरं' लिहिलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "यंदा रिकामी ओळ भरून राहिली, बाई. तान्ह्या पोळ्याले, सगळ्यायच्या समोर, तिच्या हातावर ठेवतो."

चारचौघांत नवऱ्यानं असा हट्ट धरला तर काकू काय करतील ते मला पक्कं माहीत होतं. पण मालक इतके खुशीत होते की मी गप्प बसले. गप्प बसण्यासाठीच तर मला परीक्षक नेमलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेक असते. वर्षभर जू वाहून थकलेल्या खांद्याला हळद घालून लोणी चोळायचं, पळसाच्या गरम पानांनी शेकायचं आणि बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मालकांना हे वाक्य इतकं आवडे की तान्ह्या पोळ्याचं बोलावणं ते गल्लीत याच शब्दांत करत. वकिलांच्या दारात हॅट काढून म्हणत, "आज आवतन घ्या, परवा खायले या." बैलाचं आमंत्रण आपल्याला, हे वकिलांच्या लक्षात आलं होतं, पण करंज्यांपायी ते बोलत नसत.

तर त्या संध्याकाळी मालक आवतनं द्यायला गेले होते. मी पाळी संपवून खिडकीत बसले होते. काकू आत पुरण वाटत होत्या. कवडूनं राजा आणि परधान, आपले दोन्ही बैल, धुऊन पुसून अंगणात बांधले आणि हाक दिली, "काकू, लोनी द्या."

"ओसरीच्या कोनाड्यात वाटी हाय, घे. माहे हात भरले."

काकूंनी लोणी काढून पितळी वाटीत कोनाड्यात ठेवलं होतं, खरंच. पण मालकांनीही पांढऱ्याला हवा लागावी म्हणून आपली पितळी वाटी त्याच कोनाड्यात, थोडी अलीकडे, ठेवली होती. वाटी अर्थातच काकूंच्याच मांडणीवरची, जोडीतली दुसरी.

मी पाहत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. कवडूनं हळद घातली, कालवलं, राजाच्या खांद्याला दोन्ही हातांनी चोळलं, मग परधानच्या. जाळावर पानं शेकली. "आज आवतन घ्या, राजेहो, उद्या जेवाले या." फार सुंदर दिसत होतं सगळं. मग वारा माझ्या खिडकीकडे फिरला आणि मला वासावरून कळलं, हे तर पाटीवरचं 'पांढरं'.

धावत अंगणात गेले तोवर वाटी रिकामी झाली होती. परधाननं मान लांब केली आणि राजाचा खांदा चाटायला लागला. एकदा चाटलं, थांबला, विचार केल्यासारखं केलं आणि मग डोळे मिटून असा चाटत सुटला की राजानंही वळून त्याचा खांदा धरला.

"कवडूभाऊ, ते लोणी नव्हतं."

कवडूनं हात हुंगले. "म्या म्हटलं लई दिसाचं हाय, वास येऊन राहिला. बैलाले काय, जुनंच लोनी देतेत सारे." मग त्याची नजर कोनाड्यातल्या दुसऱ्या वाटीवर गेली आणि तो खाली बसला. "मालकाचं होतं काय वो?"

काकू पुरणाच्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांना सांगावं लागलं नाही. मला वाटलं होतं, मनातून त्यांना बरंच वाटेल, 'तुमचं ते' गेलं एकदाचं. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"आता ते आले का काय सांगू मी त्यायले?" त्या म्हणाल्या. "या साली जमलं होतं न त्यायचं? गाण्यावरून समजते मले. आठ दिवस झाले, आंघोळीत गाऊन राहिले."

"काकू, तुम्हाला माहीत होतं? ती ओळ..."

"ती रेघ कोनासाठी हाय, ते मले माईत नसन काय, पोरी? सतरा वर्सं खांब पुसून राहिली मी. पाटीले धक्का लागू देत नाही."

आणि नेमके तेव्हाच मालक फाटकातून आत आले, हॅट हातात, वकिलांना आवतन देऊन खुशीत. त्यांनी बैल पाहिले. दोन वाट्या पाहिल्या. आमची तोंडं पाहिली. अंगणात नुसता चाटण्याचा आवाज.

कवडू म्हणाला, "मालक, मले जोड्यानं मारा."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बैलांजवळ गेले. परधानच्या खांद्याला बोट लावून हुंगलं. "कसं खाऊन राहिले?"

"लई आवडीनं, मालक."

"शंभर मोजले काय?" त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले, हॅट मांडीवर घेऊन. "जाऊ दे, गा. बैलाचा सण हाय. ज्याचा त्याले पोचला." पण त्यांचे हात हॅटची कड गोल गोल फिरवत होते, आणि मला रडू यायला लागलं. चीजसाठी मी कधी रडेन असं सांगलीत कुणाला खरं वाटलं नसतं.

काकू त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. मग बैलांकडे पाहायला लागल्या. राजा आता परधानच्या खांद्याची शेवटची हळदही सोडत नव्हता.

"अवो," त्या म्हणाल्या. "हे गाईचं लेकरू न?"

"मंग?"

"त्यात वासराचं काही असतं, त यानं तोंड लावलं असतं काय?"

मालकांनी हॅट फिरवायची थांबवली. सतरा वर्षं ते हेच सांगत आले होते.

"अन उद्या ज्याचे पाय धुवायचे, पूजा करायची, त्यानं चाटलं हे. मंग हे उष्टं नाही झालं. परसाद झाला." काकूंनी पदराला हात पुसले. "परसादाले नाही कसं म्हनाव मानसानं?"

कवडूच्या पायाशी पडलेली वाटी त्यांनी उचलली. तळाशी पिवळं झालेलं थोडंसं उरलं होतं. त्यांनी बोट फिरवलं, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि बोट तोंडात घातलं.

मी मोजत होते. मालकही मोजत असावेत, त्यांचे ओठ हलत होते. कवडूला नियम माहीत नव्हता, पण तोही श्वास धरून बसला होता. काकूंनी डोळे मिटले होते. सत्तर झाले, ऐंशी झाले. शंभर झाले. काकूंनी डोळे उघडले आणि नेहमी भाजीबद्दल बोलत त्याच आवाजात म्हणाल्या, "मीठ जास्त झालं."

मालक इतक्या झटक्यानं उठले की हॅट खाली पडली आणि राजानं तिच्यावर पाय दिला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ खांबापाशी गेले, पाटीवरची लेखणी घेतली आणि रिकाम्या ओळीवर शाळेतल्या मुलासारखं ठळक लिहिलं. मीठ जास्त झालं. मग चार पावलं मागे येऊन वाचलं आणि डोळे पुसायच्या आधीच हसायला लागले. काकू म्हणाल्या, "आता त्याले काय हसता? जास्त होतं तर होतं," आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. पदराआड त्याही हसत होत्या, हे पाठीवरून कळत होतं.

खरं सांगायचं तर मीठ जास्त झाल्याचं मलाही कळलं होतं. गार्डसाहेबांनाही कळलं होतं, त्यांनी मला मागाहून कबूल केलं. पण आम्ही पडलो भाडेकरू. चार वर्षं हिरवे झेंडे दाखवत होतो.

तान्ह्या पोळ्याला पाहुण्यांसमोर फक्त काटोल आणि भिवापूर होतं. मालक प्रत्येकाला आधी खांबापाशी नेऊन पाटी वाचायला लावत आणि मग तुकडा देत. वकिलांनी विचारलं, "तुमच्या चीजला नाव ठेवलेलं दिसतं, त्यात एवढं मिरवण्यासारखं काय?" मालक म्हणाले, "वकीलसाहेब, नाव ठेवाले आधी खाव लागते." रुमाल काढायला निघालेला वकिलांचा हात खिशातच राहिला. त्या वर्षी त्यांनी तुकडा तिथेच खाल्ला.

पुढल्या वर्षीपासून परीक्षक वाढले. कवडूला निवडीपुरती तंबाखूची अट माफ झाली. राजा-परधानलाही वाटीतून बोटभर मिळू लागलं आणि त्यांचा हिरवा-लाल झेंडा गार्डसाहेब दाखवत. माझी आणि त्यांची किंमत उतरली ती उतरलीच. मीठ मात्र काकूंनी स्वतःच्या हातात घेतलं. मालक पुरचुंडी धरून उभे आणि काकू चिमटीनं मीठ टाकताहेत, "बस न?" "अजून चिमूट," "नाही म्हटलं न," असं जूनमधल्या एका सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. ते ऐकत मी पाळीला जायचे, आणि दिवस चांगला जायचा.

माझी बदली पुण्याला झाली. त्यानंतर सहा-सात वर्षांनी एका लग्नासाठी नागपूरला गेले आणि धंतोलीत डोकावले. दिवस पोळ्याचेच होते. विहिरीवर जाळी आली होती, जाळीतून दोर आत गेलेला होता. खांबाला पाटी होती. लेखणीचं अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून मालकांनी बोर्ड रंगवणाऱ्याकडून ती एकच ओळ पांढऱ्या रंगात लिहून घेतली होती, 'मीठ जास्त झालं', दुकानाच्या नावासारखी, वळणदार. पोक वाढला होता. हॅट तीच होती, एका बाजूनं राजाच्या पायाची चपटी.

काकूंनी कोमट पाणी दिलं. चूळ भरून ओसरीवर बसले. बशीतून पांढरं आलं. आता मला खोली नको होती, कुणाची मर्जी राखायची नव्हती, म्हणून मी प्रामाणिकपणे शंभर मोजले.

"काकू, राग मानू नका. मीठ कमी आहे."

"कमीच हाय," काकू म्हणाल्या. "दोन सालापासून डॉक्टरनं त्यायले मीठ बंद केलं. मंग मी म्हटलं, त्यायले खाता नाही आलं त करावं कोनासाठी?"

मी मालकांकडे पाहिलं. एकाही परीक्षकाला शंभराच्या आत तोंड उघडू न देणाऱ्या त्या माणसानं बशीतला तुकडा उचलला, तोंडात टाकला, दहासुद्धा मोजले नाहीत आणि स्वयंपाकघराकडे निघालेल्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमची जीभ पुण्यात बिघडली. मीठ एकदम बरोबर हाय."